छोट्या सर्फबोर्डला फिन कोणती घ्यावी: समुद्रापासून लांब राहणाऱ्या नवशिक्यांसाठी

सांगलीत राहून सर्फिंग करायचं म्हणजे वर्षातले बारा-पंधरा दिवस लाट मिळणार, त्याहून जास्त नाही. शनिवारी पहाटे निघायचं, कोल्हापूर, मलकापूर करत आंबा घाट उतरायचा, दुपारच्या आत रत्नागिरीच्या बाजूचा एखादा किनारा गाठायचा आणि रविवारी अंधार पडायच्या आत परत घाट चढायचा. फिन म्हणजे बोर्डच्या पोटाखाली शेपटीजवळ, म्हणजे मागच्या टोकाशी, बसवतात ते पातं; छोट्या बोर्डला बहुतेक वेळा तीन असतात, दोन बाजूंना आणि एक मधे. ती निवडताना आधी हा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. मला तो कळायला तीन हंगाम गेले.

फिनबद्दल जो सल्ला वाचायला मिळतो तो बहुतेक दारात समुद्र असलेल्यांसाठी असतो. ते रोज पाण्यात जातात, लाट बघून फिनचा सेट बदलतात. आपलं तसं नसतं. आपण दोन महिन्यांनी पाण्यात उतरतो तेव्हा पहिला अर्धा दिवस पाय पुन्हा जागेवर यायला लागतो. म्हणून आपल्याला चुका पोटात घालणारी फिन हवी. भारी टर्न मारणारी फिन पुढे कधीतरी बघता येईल. हा लेख तेवढ्यासाठीच लिहितोय.

छोटा बोर्ड म्हणजे इथे साधारण साडेपाच ते साडेसहा फुटांचा, फिन काढता-घालता येणारा बोर्ड. तुम्ही अजून आठ फुटी फोमच्या बोर्डवर सरळ उभे राहिला नसाल, तर फिन विकत घ्यायच्या भानगडीत आत्ता पडू नका. त्या बोर्डसोबत आलेल्या प्लास्टिकच्या फिन शिकण्यापुरत्या उत्तम असतात. मुल्की, वर्कला, कोवळम इथल्या सर्फ शाळांमध्ये आठवडाभर शिकून या, मग पुढचं वाचा.

फिन नेमकं काय करते

बऱ्याच जणांना वाटतं फिन म्हणजे होडीचं सुकाणू. सुकाणू आपण हाताने वळवतो आणि होडी वळते. फिन मात्र बोर्डला घट्ट बसवलेली असते, ती स्वतः वळत नाही. बोर्ड वळतो तुमच्या पायाखालच्या वजनाने. त्या वेळी बोर्डची शेपूट पाण्यावर घसरू न देणं, तिला पकड देणं, हे फिनचं काम.

हे शब्दांत पटत नाही. मला पटलं ते पलूसजवळ, मावसभावाच्या शेतात. 1910 साली उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीच्या शेजारचा हा भाग. पंप आणि नांगर यातलं इथे घरटी कुणाला ना कुणाला कळतं. भाऊ स्वतः पंपदुरुस्तीच्या कामात आहे. मी पिशवीतून बाजूची फिन काढली तर तिच्यावरून अंगठा फिरवत तो म्हणाला, "दादा, हे तर इंपेलरचं पातं की!" एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, पुढची कड गोलसर आणि मागची निमुळती. त्याला काही समजावून सांगावंच लागलं नाही.

थ्री फेज लाइट आली होती, मोटर चालू होती. पाइपातून पाणी हौदात पडत होतं आणि तिथून सिमेंटच्या अरुंद पाटातून जोरात उसात चाललं होतं. फिनचा पाया मुठीत धरून, टोक खाली करून ती पाटात धरली. गोल कड पाण्याच्या तोंडाला. अगदी सरळ धरली तरी फुगीर बाजूकडे हलकी ओढ लागत होती. किंचित तिरकी केली, बोटभरसुद्धा नाही, तर ओढ एकदम वाढली, मनगट ताठ धरावं लागलं. "आता अजून वाकडी कर," मी म्हणालो. भावाने केली आणि फिन हातात थरथरायला लागली. मागे पाणी खळखळून फेसाळलं आणि ती ओढ निघून गेली. "सुटली की," तो म्हणाला.

लाटेवर हेच होतं. लाटेच्या उतारावरून बोर्ड तिरका धावतो, फिनला पाणी किंचित तिरकं लागतं आणि पकड मिळते. तुम्ही घाईने, वजन मागे टाकून जोरात वळलात की तो तिरकेपणा फार होतो, फिन थरथरते आणि शेपूट गर्रकन सुटते. नवशिक्याचं पडणं निम्म्या वेळा यामुळे होतं. आपल्याला असली फिन हवी जी उशिरा सुटते आणि सुटायच्या आधी पायाला थोडी सूचना देते. तुमच्या ओळखीत कुणाची विहीर-मोटर असेल तर हा प्रयोग नक्की करा. तीनही फिन एकेक करून धरा. मधल्या फिनला दोन्ही बाजू सारख्याच फुगीर असतात, म्हणून ती सरळ धरली की कुठेच ओढत नाही, हेही हाताला कळेल.

प्रयोग पाटातच करा. कृष्णेच्या घाटावर करायचा मोह मलाही झाला होता, पण आपल्या नदीत मगरी आहेत आणि फिनसाठी त्यांच्या वाटेला जायचं काही कारण नाही.

आधी बोर्ड उलटा करा

फिन बघण्याआधी बोर्डच्या पोटाखालची खाच बघा. इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया.

छोट्या बोर्डवर तीन प्रकार भेटतात. पहिल्यात प्रत्येक फिनसाठी दोन-दोन छोट्या खाचा असतात. फिनला खाली दोन दात असतात, ते त्यात बसतात आणि बारीक स्क्रूने आवळायचे असतात. ही एफसीएसची जुनी पद्धत. दुसऱ्यात त्याच कंपनीची, 2013 पासून आलेली नवी पद्धत: खाच मोठी, स्क्रू न लावता फिन दाबली की टक्कन बसते. याला एफसीएस टू म्हणतात. जुन्या दोन दातांच्या फिन या नव्या खाचेत छोटा तुकडा आणि स्क्रू लावून बसवता येतात, पण नव्या फिन जुन्या खाचेत बसत नाहीत. तिसरा प्रकार फ्युचर्स या दुसऱ्या कंपनीचा: एकच लांब, सलग खाच, फिनचा पायाही सलग लांब आणि पुढच्या टोकाला एक स्क्रू.

मी पहिल्यांदा फिन मागवल्या तेव्हा माझ्या बोर्डला लांब सलग खाच होती. विकणाऱ्याला फोन करून विचारलं, तो म्हणाला सगळ्या बोर्डांना बसतात. पार्सल फोडलं तर दोन दातांच्या निघाल्या. परत घ्यायला तो तयार झाला नाही आणि आमची ठरलेली रत्नागिरीची फेरी तशीच गेली. तेव्हापासून मी एकच करतो. खाचेवर पट्टी ठेवून फोटो काढतो, लांबी दिसेल असा, आणि तो फोटो पाठवून "याला बसते का" एवढंच लेखी विचारतो. तुम्हीही हेच करा.

वापरलेला बोर्ड घेत असाल तर खाचेच्या कडेने नखं फिरवून बघा. बारीक तडा असेल तर तिथून पाणी आत जातं आणि आतला फोम पिवळा पडत जातो. फिन मग शंभर टक्के चांगली असली तरी हलतच राहते.

किती फिन लावायच्या

सर्फबोर्डला पहिली फिन लावली टॉम ब्लेक यांनी, 1935 साली. त्याआधी माणसं पाय पाण्यात ओढून लाकडी फळ्या वळवत. पुढची कित्येक वर्षं एकच फिन चालली. मग दोन फिनचे छोटे, चपळ बोर्ड आले. मार्क रिचर्ड्स या ऑस्ट्रेलियन खेळाडूने त्यावर 1979 ते 1982 अशी सलग चार जागतिक विजेतेपदं मिळवली. पण दोन फिनचा बोर्ड सगळ्यांनाच साधत नव्हता, जोरदार लाटेवर शेपूट सुटायची. सायमन अँडरसन या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन खेळाडूने 1980 मध्ये मधे तिसरी फिन घातली आणि पुढच्याच वर्षी त्या बोर्डवर मोठ्या स्पर्धा जिंकल्या. आज दुकानातला बहुतेक छोटा बोर्ड तीन फिनचाच असतो.

तुम्हीही तीनच घ्या. दोन फिनच्या बोर्डचा वेग फार गोड लागतो, पण त्याला पायाची जाण लागते आणि ती जाण वर्षातल्या बारा दिवसांत येत नाही. चार फिनचा बोर्ड सरळ धावायला वेगवान असतो. तुमच्या बोर्डला पाच खाचा असतील तर पुढे कधीतरी चार फिन लावून बघता येतील. आत्ता पुढच्या दोन आणि शेपटीजवळची मधली एक.

आकार वजनावर ठरतो

फिनचा साइज उंचीवर किंवा बोर्डच्या लांबीवर धरू नका, वजनावर धरा. कंपन्यांचे आकडे थोडे पुढेमागे असतात, पण ढोबळ हिशेब असा: 55 किलोच्या आत असाल तर एक्स्ट्रा स्मॉल, 55 ते 70 किलो स्मॉल, 65 ते 80 मीडियम, 75 ते 90 लार्ज, त्याच्या वर एक्स्ट्रा लार्ज. आकडे एकमेकांवर चढतात हे मुद्दाम आहे.

तुमचं वजन 68 किलो असेल तर स्मॉलही चालेल आणि मीडियमही. अशा वेळी लाट छोटी असेल तर लहान फिन, लाट मोठी आणि जोरदार असेल तर मोठी फिन, असा जाणकारांचा साधारण नियम आहे. मी मात्र नवशिक्याला मोठीच घ्यायला सांगतो. लहान फिनने बोर्ड हलका, सैल वाटतो, पण शेपूट लवकर सुटते. मोठ्या फिनने बोर्ड थोडा अडेल वाटतो, वळायला नाखूश, पण पायाखाली थारा असतो. उभं राहून तोल सावरेपर्यंत तोच थारा कामाला येतो. अर्थात फार मोठीही नको. 60 किलोच्या मुलाने लार्ज लावली तर बोर्ड रुळावरच्या गाडीसारखा सरळच जाईल आणि त्याला वाटेल आपल्यालाच वळवता येत नाही.

घरातला लहान मुलगा-मुलगी शिकत असेल तर त्यांच्या वजनाच्या वेगळ्या फिन घ्या. "वाढतं अंग आहे, मोठी घेऊ" हा शाळेच्या गणवेशाचा हिशेब इथे चालत नाही.

फिनची ठेवण

फिन हातात घेऊन तीन गोष्टी बघायच्या.

पाया, म्हणजे बोर्डला चिकटणारी लांबी. पाया लांब असला की वळणातून बाहेर पडताना बोर्ड पुढे रेटला जातो. उंची, म्हणजे फिन पाण्यात किती खोल जाते. उंच फिन घट्ट धरून ठेवते. मीडियम साइजच्या बाजूच्या फिनला पाया आणि उंची दोन्ही साधारण साडेचार इंच असतात, त्यामुळे पट्टी लावून बघितलं तर विकणारा काय देतोय ते कळतं.

तिसरी गोष्ट मागचा झोक, सर्फर त्याला रेक म्हणतात. फिनचा शेंडा मागे किती कललाय? जास्त कललेली फिन लांब, मोकळी वळणं देते आणि सरळ धावताना शांत राहते. कमी कललेली, उभी फिन जागच्या जागी चटकन वळते. नांगराचं उदाहरण माझ्या डोक्यात नेहमी येतं: फाळ उभा घातला की बैल अडखळतात, थोडा पडता ठेवला की तास सरळ निघतो. नवशिक्याने मधल्या झोकाची फिन घ्यावी. फार उभी घेतली की पायाची प्रत्येक छोटी चूक बोर्ड ताबडतोब ऐकतो, आणि आपल्या पायाच्या चुका अजून पुष्कळ असतात.

बाजूच्या फिन बाहेर किती झुकलेल्या असाव्यात आणि त्यांचं तोंड बोर्डच्या नाकाकडे किती वळलेलं असावं, यावरही बरंच वाचायला मिळेल. ते बहुतांशी बोर्डच्या खाचेतच ठरलेलं असतं. त्यात तुमच्या हातात काही नाही, सोडून द्या.

प्लास्टिक, फायबर की कार्बन

प्लास्टिकची फिन लवचिक असते. अंगठ्याने शेंडा दाबला की वाकतो. जोरदार वळणात ती ताकद खाते, म्हणून सरावलेले लोक तिला नावं ठेवतात. फायबरची ताठ असते, पायाचं म्हणणं लगेच पाण्याला कळवते. मधाच्या पोळ्यासारख्या गाभ्याची फायबर फिन ताठ असून हलकी. कार्बनची आणखी ताठ.

माझं मत स्पष्ट आहे. पहिला सेट प्लास्टिकचा किंवा प्लास्टिकमध्ये काचतंतू मिसळलेला घ्या. एक कारण लवचिकपणा, तो चुका पोटात घालतो. दुसरं आणि मोठं कारण धार. नव्या फायबर फिनची मागची कड सुरीसारखी असते. नवशिक्या पडतो तेव्हा बोर्ड लीशने, म्हणजे पायाच्या दोरीने, बांधलेला, जवळच उलटा-सुलटा होत असतो. मी स्वतः पोटरीवर चार टाके घेतलेत, ते अशाच कडेमुळे. फायबरच घ्यायची असेल तर मागच्या कडेवरून चारशे नंबरचा पॉलिश पेपर दोन-तीनदा अलगद फिरवा, धार बोथट होईल एवढाच. आकार बदलेपर्यंत घासू नका.

बसवताना

बोर्ड पोट वर करून उलटा ठेवला की डावं-उजवं हमखास उलटं होतं. म्हणून फिनवरची अक्षरं बाजूला ठेवा आणि एवढंच बघा: बाजूच्या दोन्ही फिनच्या सपाट बाजू एकमेकींकडे, आत. फुगीर बाजू बाहेर. शेंडे शेपटीकडे. मधली फिन दोन्हीकडून सारखी असते, तिचाही शेंडा मागे.

आता किल्लीची गोष्ट, कारण यावर कुणी बोलत नाही. एफसीएस आणि फ्युचर्सच्या स्क्रूला लागणारी ॲलन की 3/32 इंचाची असते, म्हणजे सुमारे 2.38 मिलिमीटर. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात ॲलन कीचा सेट मागितला की मिलिमीटरचा मिळतो. त्यातली अडीचची आत जात नाही आणि दोनची आत गरगर फिरून स्क्रूची खाच खाऊन टाकते. एकदा खाच गोल झाली की तो स्क्रू बाहेर काढणं महाकठीण. दुकानदाराला "इंची सेट द्या" असं स्पष्ट सांगा. दोन किल्ल्या घ्या, एक पिशवीत आणि एक गाडीच्या डॅशबोर्डमध्ये. किनाऱ्यावर पोचून किल्ली घरी राहिल्याचं लक्षात आलं तर दोनशे किलोमीटर मागे जाता येत नाही.

स्क्रू अडेपर्यंत आवळायचा आणि थांबायचं. दोन बोटांची ताकद पुरे. सायकलच्या नटसारखा पीळ दिलात तर खाचेतले आटे जातात. आवळल्यावर फिन धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. बोर्डसकट हलली पाहिजे, एकटी नाही. स्क्रूच्या डोक्यात वाळू असेल तर आधी टाचणीने काढा, मगच किल्ली घाला.

पाण्यात पहिले दोन दिवस

नवशिक्याने पावसाळ्यात कोकणच्या समुद्रात उतरू नये. पावसाळ्यातल्या लाटा मोठ्या आणि ओढ भयंकर असते. ऑक्टोबरच्या मध्यापासून लाटा लहान, नेटक्या होतात, तेव्हा जा. गणपतीपुळ्याचा किनारा उतरता आणि धोक्याचा आहे, तिथे देवदर्शन करा आणि सर्फिंगला दुसरीकडे जा. कुठेही उतरण्याआधी तिथल्या कोळी बांधवांना पाण्याची ओढ कुठे आहे ते विचारा, ते नेमकं बोट दाखवतात.

पहिल्या दिवशी नवीन फिन लावलीत तर बाकी काही बदलू नका. बोर्ड तोच, जागा तीच. फिनही बदलली आणि पायाची जागाही बदलली तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. संध्याकाळी दोन ओळी लिहून ठेवा: शेपूट कितीदा सुटली, बोर्ड वळायला तयार होता का, सरळ जाताना डळमळत होता का. दोन महिन्यांनी पुढच्या फेरीला निघताना याच ओळी कामाला येतात, कारण तोवर पायाला काहीच आठवत नसतं.

शेपूट वारंवार सुटत असेल तर आधी तुमचा मागचा पाय कुठे पडतोय ते बघा. तो फिनच्या फार मागे किंवा फार पुढे असेल तर जगातली कुठलीही फिन धरणार नाही. पाय बरोबर असूनही सुटत असेल तर एक साइज मोठी फिन. उलट बोर्ड वळतच नसेल तर बाजूच्या फिन तशाच ठेवून मधली फिन एक साइज लहान लावून बघा. पूर्ण सेट बदलण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि फरक लगेच जाणवतो.

कोकणातल्या वाळूच्या किनाऱ्यावर बहुतेक फिन मोडतात त्या शेवटच्या दहा पावलांत. लाट किनाऱ्यापर्यंत चालवत आणायची मजा वाटते, पाणी घोट्याएवढं होतं आणि मधली फिन वाळूत रुतते. फिन मोडली तर बरं, खाचच उपटली तर बोर्ड गेला. मांडीएवढ्या पाण्यात बोर्डवरून उतरा आणि तो उचलून आणा.

निघताना फिन काढूनच बोर्ड टपावर बांधा. घाटात गाडी झोकांड्या खाते आणि पट्टा फिनवर आला की तीच तुटते. बंद काचांच्या गाडीत, उन्हात, डॅशबोर्डवर प्लास्टिकच्या फिन ठेवू नका, वाकतात. घरी आल्यावर फिन, स्क्रू आणि किल्ली तिन्ही गोड्या पाण्याने धुऊन पुसा. स्क्रूवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकून ते काडेपेटीत ठेवून द्या, आणि काडेपेटी फिनच्याच पिशवीत.